टेपला चिकटून आलेला मस्टँग

टेप ओढली तेव्हा आधी आवाज आला, वाळकं पान चुरगळल्यासारखा. मग दिसलं, की डाव्या पंखाच्या मुळाशी, जिथे पंख धडाला मिळतो तिथे, दीडेक सेंटिमीटरचा चंदेरी पोपडा टेपसोबत वर आलाय आणि खाली संचाचं करडं प्लास्टिक उघडं पडलंय. मॉडेल होतं 1/48 प्रमाणातलं पी-51डी मस्टँग, दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकेचं लढाऊ विमान, पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतेवीस सेंटिमीटर. जोडणीला दोन महिने, रंगाला चार दिवस, आणि शेवटच्या संध्याकाळी हे.

तेवढ्याच भागावर पुन्हा एक फवारा मारून वेळ मारून न्यावी, हा मोह झालाच. पण उघड्या धातूच्या फिनिशमध्ये ठिगळ लपत नाही. हिरव्या-तपकिरी छलावरणाच्या विमानावर दुरुस्ती खपून जाते, कारण डोळा रंगांच्या सीमारेषांत गुंततो. चंदेरी पृष्ठभागावर डोळ्याला गुंतायला काही नसतं, त्यामुळे तो नेमका खोटीवर जाऊन बसतो. म्हणून फवारा बाजूला ठेवला, टेबलावरचा दिवा आडवा धरला आणि मॉडेल हळूहळू फिरवत नीट पाहिलं. पोपडा ही एकच तक्रार नव्हती. धडाच्या पाठीवरून, कॉकपिटच्या मागे, जोडाची एक पुसट रेघ पुन्हा डोकं वर काढत होती. उजव्या पंखाचा टोकाकडचा भाग हाताला किंचित खरखरीत लागत होता आणि डाव्यापेक्षा राखट दिसत होता. आणि चौथी तक्रार बोटाने दाखवता येत नव्हती: सगळं विमान नुकतीच कल्हई केलेल्या भांड्यासारखं एकसारखं लखलखत होतं. धातूचं वाटत होतं, पण विमानाचं वाटत नव्हतं.

आधी काय काय केलं होतं ते सांगतो, कारण दोष त्यातच होता. सांधे ट्यूबमधल्या नेहमीच्या लांबीने भरले, 400, 600 आणि 1000 नंबरच्या पॉलिशपेपरने घासले, मग पॉलिशिंग कंपाउंडने प्लास्टिक चकचकीत केलं आणि कोरड्या फडक्याने पुसलं. प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला थर, दिला नाही. प्लास्टिक एवढं गुळगुळीत झालंय तर मध्ये आणखी एक थर कशाला, असा माझा हिशेब. त्यावर टामिया कंपनीचा एक्स-1 हा अ‍ॅक्रिलिक चकचकीत काळा, दोन हात. त्यावर अल्क्लॅड या धातुरंगाच्या कंपनीचा पॉलिश्ड अ‍ॅल्युमिनियम, पंधरा पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबाने, तीन पातळ हात. चोवीस तासांनी पंखाच्या मुळाशी एक पॅनल, म्हणजे पत्र्याचा एक तुकडा, गडद करायचं म्हणून टेप लावली होती.

टेपला चिकटलेला पोपडा फेकून न देता उलटा करून भिंगाखाली धरला. हे केलं नसतं तर पुढचं सगळं अंदाजपंचे झालं असतं. पोपड्याची खालची बाजू काळी होती आणि आरशासारखी गुळगुळीत. म्हणजे चंदेरी थर काळ्यावरून निघाला नव्हता, काळाच प्लास्टिकवरून निघाला होता आणि चंदेरीला सोबत घेऊन आला होता. विमानावर काळा तसाच राहिला असता आणि टेपवर फक्त चंदेरी आला असता, तर दोष धातूच्या रंगात किंवा काळा पुरता न वाळण्यात शोधावा लागला असता. इथे काळ्याने पॉलिश केलेल्या प्लास्टिकचा हुबेहूब साचा घेतला होता, पण पकड कुठेच घेतली नव्हती.

संशयित दोन. एक, कंपाउंडचा उरलेला मेणचट थर, जो कोरड्या फडक्याने निघत नाही, फक्त पसरतो. दुसरा, माझी बोटं. पंखाचं मूळ ही मॉडेल धरण्याची नैसर्गिक जागा. दोन महिने मी ते तिथेच धरत होतो. नक्की कोण, हे ठरवायला संचातली न वापरलेली इंधनटाकी घेतली आणि तिच्यावर चार पट्टे केले: एक पॉलिश करून तसाच सोडलेला, एक पॉलिश करून साबणाने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलेला, एक 2000 च्या पेपरने घासून धुतलेला, आणि एक घासून, धुऊन, प्रायमर दिलेला. चारहींवर तोच काळा, एक दिवस थांबून तीच टेप. पहिल्या पट्ट्याचा काळा अखंड निघाला. दुसऱ्याच्या कडा उचकटल्या. तिसरा आणि चौथा जागचे हलले नाहीत. म्हणजे मेण आणि तेल हे कारण होतंच, पण नुसतं धुण्याने भागलं नसतं. अ‍ॅक्रिलिक रंग प्लास्टिकला खात नाही, वरवर बसतो. त्याला धरायला किंचित खरवड लागते आणि तीच मी मेहनतीने घासून घालवली होती.

पाठीवरच्या रेघेचं गणित वेगळं. ट्यूबमधली लांबी द्रावक उडून वाळते आणि वाळताना आकसते. वरून कोरडी लागली तरी आत आठवडाभर तिचं काम चालू असतं. शिवाय ती सच्छिद्र असते, त्यामुळे वरचा रंग प्लास्टिकपेक्षा जास्त पिते. मी दुसऱ्याच दिवशी घासून सपाट केली. चार दिवसांत ती केसभर खाली बसली आणि जोड वर आला. साध्या रंगात हे कोणाला दिसलं नसतं. इथे दिव्याचं प्रतिबिंब पाठीवरून सरकताना त्या रेघेवर मोडत होतं.

उजव्या पंखाची खरखर ही शुद्ध आळशीपणाची. डाव्या हातात मॉडेल, उजव्यात एअरब्रश, आणि ते टोक माझ्यापासून लांब. मॉडेल फिरवून धरायचं सोडून मी लांबूनच फवारलं. अंतर वाढलं की काळ्याचे थेंब वाटेतच अर्धे वाळतात आणि पृष्ठभागावर पसरण्याऐवजी बारीक रव्यासारखे बसतात. त्यावर धातूचा रंग मारल्यावर काय होतं, हे समजायला तो रंग मुळात काय आहे ते पाहावं लागतं. लॅकरमध्ये, म्हणजे चटकन वाळणाऱ्या पातळ रंगद्रवात, तरंगणारे अ‍ॅल्युमिनियमचे अतिसूक्ष्म पापुद्रे, एवढंच. खाली काच असेल तर ते छपरावरच्या कौलांसारखे सपाट, एका दिशेला बसतात आणि उजेड एकजुटीने परत फेकतात. खाली रवा असेल तर प्रत्येक कौल वेगळ्या कोनात तिरपं होतं, उजेड विखुरतो आणि डोळ्याला राखाडी रंग दिसतो. काळा रंग का, याचंही उत्तर इथेच आहे. थर इतका पातळ असतो की कौलांच्या मधल्या फटींतून खालचं दिसतं. खाली पांढरं किंवा करडं असलं तर ते आपला पसरट उजेड त्यात मिसळून चमक पातळ करतं. काळा स्वतःचं काही परत देत नाही.

पेपरच्या ओरखड्यांचंही तसंच. पी600 च्या पेपरचा कण साधारण 0.026 मिलिमीटरचा. त्या जाडीचा ओरखडा 1/48 च्या हिशेबात खऱ्या विमानावर सव्वा मिलिमीटर रुंद होतो. असे शेकडो, सगळे एका दिशेने. प्रायमर त्यातले बरेच भरून काढतो. मी तो दिलाच नव्हता.

राहिली चौथी तक्रार. तिच्यासाठी मॉडेल बाजूला ठेवून मूळ विमानाकडे जावं लागलं. आणि सगळं प्रकरण खरं तर तिथे उलटलं.

अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने 1943 च्या अखेरीस विमानांचं छलावरण काढण्याचा निर्णय घेतला आणि 1944 च्या सुरुवातीपासून कारखान्यांतून विनारंग विमानं बाहेर पडू लागली. रंग गेला की वजन आणि कामाचे तास वाचतात, थोडा वेगही मिळतो. युद्धात उघडा पत्रा सर्रास दिसायला लागला तो तेव्हापासून. हा पत्रा बहुतेक अल्क्लॅडचा: मध्ये मजबूत पण लवकर गंजणारा मिश्रधातू आणि दोन्ही अंगांना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचं पातळ अस्तर. मॉडेलच्या रंगाने नाव तिथूनच उचललंय.

पण मस्टँगचा पंख उघड्या धातूचा नव्हताच. त्या पंखाची सगळी करामत त्याच्यावरून वाहणाऱ्या हवेच्या शांत, थरबद्ध प्रवाहात होती. असा प्रवाह रिव्हेटच्या डोक्यावर किंवा पत्र्याच्या जोडावर अडखळला की विस्कटतो. म्हणून नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या कारखान्यात पंखाच्या पुढच्या सुमारे 40 टक्के रुंदीत रिव्हेट आणि सांधे लांबीने भरत, घासत, प्रायमर देत आणि वरून अ‍ॅल्युमिनियमची भुकटी घातलेलं लॅकर फवारत. म्हणजे मी टेबलावर जे करत होतो तेच तिथले कामगार खऱ्या विमानावर करत होते, आणि त्यांनी प्रायमर वगळला नव्हता. उभं सुकाणू तर पत्र्याचंही नव्हतं. त्यावर कापड ताणून चंदेरी डोप, म्हणजे कापड ताठ करणारं लॅकर, लावलेलं असे.

तेव्हा मस्टँगवर निदान तीन वेगळे चंदेरी आहेत: धडाचा पत्रा, पंखाचा रंग आणि सुकाणूचं कापड. मी तिन्हींना एकाच बाटलीतून आंघोळ घातली होती. वर पंखावर संचात कोरलेल्या सगळ्या पॅनलरेषा तशाच ठेवल्या होत्या. त्या रेषेची रुंदी 0.1 मिलिमीटर धरली तरी खऱ्या पंखावर ती जवळजवळ पाच मिलिमीटरची चर होते. नेमकी जी चर बुजवायला कारखान्यात माणसं बसवली होती.

एवढं कळल्यावर ठिगळाचा विचार आपोआप मेला. सगळा रंग उतरवायचा ठरला. खाली अ‍ॅक्रिलिक काळा होता याचा इथे फायदा झाला. अल्कोहोलमध्ये भिजवलेला टिश्यू धडाला गुंडाळून वीस मिनिटं ठेवला. अल्कोहोल ओरखड्यांतून आणि कडांतून आत शिरलं, काळा मऊ पडला आणि वरची चंदेरी कातडी सापाच्या कातेसारखी अखंड निघाली. उरलेला काळा जुन्या टूथब्रशने आणि रेषांतला टोकदार काडीने. कॉकपिटमध्ये स्पंज कोंबून वरून टेप मारली होती, तरी डावीकडून थोडं अल्कोहोल आत गेलंच आणि तिथला हिरवा रंग कडेला पुसला गेला. तो हाताने पुन्हा लावला. बुडबुड्यासारखी काच अजून चिकटवली नव्हती, हे नशीब.

पाठीच्या सांध्यातली जुनी लांबी सुरीच्या टोकाने खरवडून काढली आणि त्या जागी सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे आपला झटपट गोंद, ओढला. तो आकसत नाही आणि रंगही पीत नाही. मात्र तासाभरात घासून घ्यावा लागतो. रात्रभर ठेवला तर प्लास्टिकपेक्षा कडक होतो, मग पेपर दोन्ही बाजूंचं प्लास्टिक खातो आणि गोंदाचा वरंबा मधोमध तसाच उभा राहतो. घासताना दोन आडव्या पॅनलरेषा बुजल्या. जाड लेबलटेपची पट्टी कडेला लावून सुईने त्या पुन्हा कोरल्या. दोन्हींतली एक अजूनही किंचित तिरकी आहे.

पंखावर उलटं काम. पुढच्या भागातल्या रेषांत मिस्टर सर्फेसर 500 हा भराव करणारा दाट प्रायमर ब्रशने भरला, वाळल्यावर वरचा जास्तीचा भाग थिनरमध्ये ओलावलेल्या कापसाच्या काडीने पुसला आणि दोन दिवसांनी पुन्हा एकदा भरला. हाही द्रावकाचाच, आकसणारा. पण एवढ्या उथळ रेषेत तो किती आकसणार, आणि या वेळी मी त्याला आठवडा दिला. बंदुकांची आणि गोळ्यांच्या कप्प्यांची झाकणं, इंधनाची टोपणं, फ्लॅप आणि एलेरॉन या पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्यांच्या रेषा तेवढ्या राखल्या, कारण त्या खऱ्या विमानावरही उघडतात किंवा हलतात. लांबी भरलेला पंख इतका कोरा दिसायला लागला की दोनदा वाटलं, आपण मॉडेलची वाट लावली.

मग साबण, पाणी, अल्कोहोल, आणि त्या क्षणापासून हातात नायट्राइलचे मोजे. सगळ्या विमानाला काळा मिस्टर सर्फेसर 1500, मिस्टर लेव्हलिंग थिनरने भरपूर पातळ करून. त्यावर 2000 आणि 4000 ने ओला घास. प्रायमरने आणखी तीन बारीक ओरखडे चव्हाट्यावर आणले, ते आधी मिटवले.

इथून धड आणि पंख यांच्या वाटा वेगळ्या. चकचकीत काळा फक्त धडाला, आणि या वेळी लॅकरचा, टामियाचा एलपी-1. लॅकर खालच्या प्रायमरला थोडं वितळवून त्यात रुततो आणि वरून येणाऱ्या धातूच्या लॅकरपुढे अ‍ॅक्रिलिकइतका हळवाही नसतो. दोन हात धुक्यासारखे, तिसरा ओला. ओल्या हाताची खूण सोपी आहे: फवारताना दिव्याचं प्रतिबिंब रंगात बघत राहायचं. त्याची कड फुटकी दिसत असेल तर हात कोरडा पडतोय, जवळ जा. कड धारदार झाली की लगेच पुढे सरका, नाहीतर ओघळ. मी सहा-सात सेंटिमीटरवर होतो, आणि या वेळी मॉडेल फिरवत होतो. लॅकरची वाफ डोक्यात जाते, तेव्हा सेंद्रिय वाफेच्या फिल्टरचा मुखवटा आणि उघडी खिडकी. यात चालढकल नको. मग दोन दिवस झाकणाच्या डब्यात. तरी धुळीचे चार कण बसले, ते 8000 च्या स्पंजने ओले घासून काढले.

धातूला दाब बारा पीएसआय. पॉलिश्ड नव्हे, साधा अ‍ॅल्युमिनियम, कारण महिनोन्महिने उघड्यावर उभ्या राहणाऱ्या लढाऊ विमानाचा पत्रा आरसा राहत नाही. आणि मुख्य म्हणजे थांबणं. पहिल्या खेपेला मी तीन हात दिले, कारण बाटलीत रंग होता. काळा जेमतेम झाकला गेला की त्या क्षणाला सर्वांत जास्त खोली असते. त्यानंतरचा प्रत्येक हात कौलांवर कौलं रचतो आणि चमक मरत जाते.

पॅनलच्या छटांबाबत माझं मत ठाम आहे: बहुतेक जण अति करतात. प्रत्येक चौकोन वेगळा करून विमानाची गोधडी होते. जुन्या फोटोंत पॅनलं वेगळी दिसतात हे खरं, पण त्यातलं बरंचसं पत्रा लाटण्याच्या दिशेमुळे असतं. लाटताना पत्र्यावर एका दिशेने अतिबारीक रेघा उठतात. शेजारचे दोन पत्रे वेगवेगळ्या दिशेने कापून बसवले तर एक उजळ, एक काळसर दिसतो, आणि कॅमेरा दोन पावलं सरकला की उलटंही दिसू शकतं. म्हणून एका फोटोतला गडद चौकोन हा नकाशा म्हणून वापरायचा नाही. मी धडावर चारच पॅनलं निवडली. दोन डार्क अ‍ॅल्युमिनियमने एकेक पुसट हात देऊन, दोन पॉलिश्डने. टेप आधी तीन-चार वेळा तळहाताला चिकटवून तिचा चिकटपणा मारला आणि काढताना वर न ओढता स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला लगटून काढली. पहिली पट्टी काढताना श्वास रोखला होता. काही आलं नाही.

पंखाला प्रायमरवर सरळ एलपी-11 सिल्व्हर. हा साधा चंदेरी रंग, याच्या कौलांना शिस्त नाही, आणि तेच हवं होतं. त्यावर अर्धचकाकीचं क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. धातूच्या फिनिशवर क्लिअर देऊ नये म्हणतात, कारण त्याने चमक दबते आणि धातू रंगासारखा दिसायला लागतो. पंखाच्या बाबतीत ही तक्रार नसून मागणीच होती. सुकाणूला तोच सिल्व्हर, थोडा करडा मिसळून, वर मॅट. धडाला क्लिअर नाहीच. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, थेट धातूवर बसवले, पारदर्शक कड शक्य तितकी कापून, आणि सुटलेलं पाणी लगेच टिपून, नाहीतर वाळल्यावर डाग राहतो. नाकावर काचेपुढची चकाकीरोधक पट्टी ऑलिव्ह ड्रॅब या मळकट हिरव्या रंगाची, पूर्ण मॅट. ती लागल्यावर शेजारचा धातू अचानक दुप्पट उजळला.

रेषांना तेलरंगाचा वॉश, म्हणजे रेषांत उतरणारा पातळ रंग, काळा नव्हे तर करडा-तपकिरी. चंदेरीवर काळी रेघ पेन्सिलीने आखल्यासारखी दिसते. पंखावर वॉश घालायला रेषाच फारशा उरल्या नव्हत्या, ते काम पाच मिनिटांत संपलं.

दिवा पुन्हा आडवा धरला. पंख आणि धड जिथे मिळतात, जिथून पोपडा निघाला होता, तिथे आता एक ओळ दिसते: अलीकडे मऊ, दुधट चंदेरी आणि पलीकडे धारदार, थंड चंदेरी. ती आखलेली नाही. दोन पृष्ठभाग उजेड वेगळा परत करतात म्हणून ती आपोआप उमटली आहे. पाठीवरून प्रतिबिंब न मोडता शेपटीपर्यंत जातं.

एक खोट राहिली. शेवटी अँटेना चिकटवताना मोजे काढले होते आणि पोटाखालच्या रेडिएटरच्या फुगवट्यावर अंगठा टेकला. तेल सुकून ठसा धूसर उमटला. मऊ कापडाने घासून पाहिला, तर ठसा तसाच राहिला आणि शेजारी तिळाएवढा काळा उघडा पडला. त्याला मी हात लावलेला नाही. मॉडेल चाकांवर उभं आहे तोवर तो दिसत नाही.